चौकटीतलं दार
आमच्या डोंगरात आजाऱ्याला घराच्या दारावर निजवून खाली क्लूज शहरात न्यायचे, आणि माणूस परतला नाही तर ते दार पुन्हा चौकटीत बसवायचं नाही, अशी रीत. गावातच उभारलेल्या दवाखान्याची पहिली खोली अशाच, न परतलेल्यांच्या सात दारांच्या फळ्यांची. आता नवी इमारत झाली, सर्जनबाई आल्या. पहिलंच ऑपरेशन राफिलाच्या नवऱ्याचं. त्याला शेजाऱ्यांनी दारावरूनच आणलं. राफिला त्याच दाराला टेकून बाहेर बसली. दवाखान्याचा म्हातारा सुतार ग्लिगोर फळी चाचपत म्हणाला, “अक्रोडाचं आहे. औषधांचं झकास कपाट होईल.” “हात लावू नकोस, मेल्या.” इतक्यात सर्जनबाई बाहेर आल्या. “अपेंडिक्स फुटायच्या आत काढलं. शुद्धीवर आलेत, शिव्या घालतायत.” “कुणाला?” “तुम्हाला. घर उघडं टाकलं, बकऱ्या आत शिरल्या असतील, म्हणतायत.” राफिला डोळे पुसत ग्लिगोरकडे वळली. “ऊठ, हत्यारं घे. दार परत चौकटीत बसवायचंय.”