रंगाची हमी

कोंबड्यांच्या प्रदर्शनात परीक्षक मुलीने आपल्याच आत्याची कोंबडी उचलून पाय पाहिले. नखांपर्यंत स्वच्छ. जुन्या टूथब्रशने घासलेले दिसत होते.

"जात?"

"लाल," आत्या म्हणाली.

"लाल हा रंग झाला, आत्या."

"ओ परीक्षकबाई, वर्षाला तीनशे अंडी देते ही. तुमच्या त्या जातिवंत नुसत्या पिंजऱ्यात बसून मिरवतात!"

शेजारच्या पिंजऱ्याचा मालक खाकरला.

शुद्ध जातीची फीत आत्याला हवीच होती. फाटकावर लावायची पाटी रंगवून तयार होती : 'शुद्ध जातीची पिल्ले मिळतील.' मुलीने ती सकाळीच पाहिली होती. पण आवाज तिने सरळ ठेवला.

"अंडी देते, मान्य. पण जात अंड्यांवरून ठरत नाही. पिल्लं आईबापांसारखी निघायला हवीत. दर पिढीला."

"एवढंच ना?" आत्याचा चेहरा उजळला. तिने टेबलाखालची टोपली वर घेतली आणि फडकं ओढलं. "सगळी हिचीच!"

आत चार पिल्लं होती. एक लाल, एक पांढरं, एक काळ्या शेपटीचं, आणि चौथ्याचं अजून काहीच ठरलेलं नव्हतं.

"बाप कुठला?"

"हिचाच भाऊ. एकाच खोक्यातून आले. त्यात भाऊ सगळे पांढरे, बहिणी सगळ्या लाल. पहिल्याच दिवशी नर-मादी कळते, म्हणून तर घेतले."

"त्या सोयीसाठीच दोन वेगळ्या जातींची जोडी लावतात, आत्या. ती रंगाची खूण एकाच पिढीपुरती टिकते."

आत्या टोपलीकडे पाहत राहिली. मुलीने कार्डावर 'संकरित' लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं.

आत्याने कोंबडी तिच्या काखेतून घेतली आणि टोपलीत सोडली. चारही पिल्लं पंखांखाली शिरली.

"'शुद्ध जातीची' पुसते," ती शेवटी म्हणाली. "खाली लिहिते, 'रंगाची हमी नाही.' चालेल?"

"आता बरोबर आहे."

शेजारचा मालक केव्हाचा टोपलीत डोकावत होता.

"ताई, ते चौथं मोठेपणी कसं दिसेल हो?"

"मला काय विचारता?" आत्या म्हणाली. "घरी न्या, आणि मला येऊन सांगा."