चढा दर

पाचोऱ्यात वैशाखाचं ऊन भिंतींतून आत येत होतं, तरी निंबाभाऊंच्या घरातला नवा कूलर दुपारभर बंद असायचा. "आबा, ठरावीक युनिटांच्या वर गेलं, की पुढच्या प्रत्येक युनिटला चढा दर लागतो. कूलर संध्याकाळीच लावत जाऊ, मी ऑफिसातून आल्यावर," त्यांनी म्हाताऱ्या वडिलांना समजावलं.

तोताराम आबांनी लगेच मान डोलावली. "माले तं त्याना वारा सोसतच नही. दुपारले मी मारुतीना मंदिरमा जाई बससू."

बिल आलं, ते खालच्याच दरात बसलं होतं. त्याच खुशीत निंबाभाऊ जेवणाच्या सुट्टीत आंतरदेशीय पत्रं घ्यायला पोस्टात गेले. आत पंख्याखालच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून, सदऱ्याची बटणं सोडून आबा बसल्या बसल्या झोपले होते.

निंबाभाऊ जागीच थबकले. ते हाक मारणार, एवढ्यात खिडकीतल्या कारकुनानं ओठावर बोट ठेवलं.

"झोपू द्या बाबांना. रोज भर उन्हात येतात बिचारे. मुलाचं पत्र यायचंय म्हणतात. मीच म्हटलं, येईपर्यंत पंख्याखाली बसत जा."

निंबाभाऊंची नजर बाकावरून हलेना. कारकुनानं पत्रं पुढे सरकवली.

"ओळखीचे दिसतात तुमच्या. फार लांब असतो का हो यांचा मुलगा?"