पडद्यावरची लाट

विजेची लाट पडद्यावर दाखवणारा बाबांचा ऑसिलोस्कोप वयाने तिच्याहून मोठा होता. हल्ली तो मध्येच बिथरायचा. पडद्यावरची लाट उड्या मारायची आणि मग शहाण्यासारखी पुन्हा सरळ चालायची. बाबांनी सर्किटवर प्रोबची सुई हाताने टेकवून धरायची आणि तिने एकेक भाग तपासायचा, असा बापलेकींचा अख्खा आठवडा गेला. दोष काही हाती लागेना.

"जुनं खोड आहे. सहजासहजी बोलायचं नाही," असं म्हणत बाबा चहा टाकायला आत गेले.

तेवढ्यात तिने प्रोब चिमट्याने सर्किटला अडकवून पाहिला. लाट जागची हलली नाही. चहा उकळून झाला, तरी नाही. बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातातल्या कपबशीची एकसारखी किणकिण तिला ऐकू आली. तिने पटकन चिमटा काढला.

"सापडलं, बाबा. प्रोबचं सॉकेट सैल झालंय. असलं आता मिळायचं नाही. यापुढे प्रोब मी धरत जाईन, तुम्ही पडद्याकडे बघा."

बाबांनी कपबशी खाली ठेवली. मग त्यांनी प्रोब उचलून तिच्या हातात दिला.

"सॉकेट मी परवाच नवं बसवलंय," ते हळूच म्हणाले. "पण धर तू."