लाल गाडीचं मिसिंग

काटा साठावर येऊन थांबला आणि पुढे हलेना. याह्याने कॉम्प्रेशनचं गेज काढून पुन्हा बसवलं, पुन्हा स्टार्टर मारला. पुन्हा साठच. बाकीच्या तिन्ही सिलिंडरमध्ये काटा दीडशेच्या वर गेला होता.

लाल गाडी सकाळपासून जागेवर उभी राहून थरथरत होती. स्कॅनरने तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग दाखवलं, म्हणजे तो ठोका चुकवत होता, तेव्हा याह्याने तिसऱ्याची ठिणगी देणारी कॉइल काढून पहिल्यावर लावली. मिसिंग तिसऱ्यातच राहिलं. प्लग बदलून पाहिला, इंजेक्टर बदलून पाहिला, फरक नाही. आता त्याने प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर काटा थोडा तरी चढला असता. चढला नाही. व्हॉल्व्ह जळला होता.

“इंजिनचं हेड उतरवावं लागंल, साब,” तो अभयला म्हणाला. “दोन दिवस द्या. एकदम बरोबर करून देतो.”

जालना रोडवर अभयचा जुन्या गाड्यांचा बाजार होता. याह्या सहा वर्षांपासून तिथला मेकॅनिक. अभयने मोबाइलवरून नजर न उचलता भिंतीच्या कोपऱ्यात गुटख्याची पिचकारी टाकली.

“गिऱ्हाईक अर्ध्या तासात येतंय. लाइट घालव, आयडल वाढव, घट्टवालं ऑइल टाक. नेहमीसारखं.”

याह्याने स्कॅनरमधून बिघाडाची नोंद पुसली. डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा विझला. पंधरा-वीस किलोमीटर तरी तो पुन्हा पेटणार नव्हता. आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनचा वेग, वाढवल्यावर थरथरही दबली. मग त्याने आत स्ट्रॉबेरीच्या वासाचा स्प्रे मारला. तो गोडसर, चिकट वास त्याच्या घशात उतरला. हल्ली घरी जेवायला बसलं तरी बोटांना हाच वास यायचा.

गिऱ्हाईक म्हणजे पिशोर गावच्या लक्ष्मीबाई आणि त्यांची मुलगी मोनाली. लक्ष्मीबाईंचे यजमान, मोतीराम, त्या वेळी शहरातल्या एका दवाखान्यात डायलिसिसच्या मशीनला होते. तेवढ्या वेळात मायलेकी गाडी बघायला आल्या होत्या.

“आठवड्यातून दोनदा आणावं लागतं,” लक्ष्मीबाई याह्यालाच सांगू लागल्या. “मागल्या बारीला जीपमधी त्यांना उलटी झाली. जीपवाल्यानं मधीच उतरवलं. माणसं नाकाला फडकं लावून बघत व्हती. दीड तास उन्हात बसलो, दादा. ही मधी बंद तर नाय ना पडायची?”

“मेकॅनिक समोर उभाय, मावशी,” अभय हसत म्हणाला. “त्यालाच विचारा.”

“चांगली आहे,” याह्या म्हणाला.

शब्द सवयीने बाहेर पडले. आपलीच थुंकी गिळताना त्याला किळस आली.

मोनाली चक्कर मारायला गाडीत बसली. तेवढ्यात याह्या पुढे झाला. “थांबा ताई, ऑइल बघतो एकदा.” त्याने बॉनेट उचललं, अभयकडे पाठ केली आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलचं सॉकेट हळूच ओढून काढलं. इतकी वर्षं त्याने गाड्यांचं मिसिंग काढलं होतं. आज पहिल्यांदाच घातलं.

गाडी फाटकापर्यंतही गेली नाही. आचके देत, फटफटत आवारातच थांबली. दोन सिलिंडर बंद पडल्यामुळे पिवळा दिवा लगेच उघडझाप करायला लागला.

“आई, ही नको,” मोनाली उतरत म्हणाली.

याह्याचा श्वास मोकळा झाला. बाई वाचली होती आणि त्याची नोकरीही वाचली होती. अभयने त्याच्याकडे एकदा रोखून पाहिलं. दुसऱ्याच क्षणी त्याच्या चेहऱ्यावर हसू परत आलं.

“बरं झालं, इथंच कळलं. जाऊ द्या मावशी, ही पांढरी बघा. लाखात एक.”

पांढरी गाडी पुरात बुडालेली होती. महिन्यापूर्वी याह्यानेच तिच्या सीटखालचा कुजलेला गाळ हातांनी खरवडून काढला होता. त्यात मेलेले बेडूक निघाले होते. गंजलेल्या वायरींना त्याने नवी टेप गुंडाळली होती. एअरबॅग बिघडल्याचा दिवा पेटतच राहिला, तेव्हा त्या दिव्याची वायर तोडून टाकली होती.

लक्ष्मीबाई मागच्या सीटवर बसल्या. त्यांनी हाताने सीट दाबून पाहिली. इथं यजमानांना आडवं होता येईल, असं काहीतरी त्या मुलीला दाखवत होत्या. त्यांचा चेहरा उजळला.

“ही ब्येस हाय,” त्या म्हणाल्या. “आतून वासबी किती चांगला येतोय.”

तो वास स्ट्रॉबेरीच्या त्याच स्प्रेचा होता. अभयने मोनालीच्या हातात चावी ठेवली.

“ती पण नका घेऊ, ताई.”

आवाज मोठा निघाला. पलीकडे गाडी धुणारा माणूसही थांबून बघू लागला.

“याह्या!” अभय ओरडला.

“बुडालेली आहे ती. पाण्यात व्हती. ऐन रस्त्यात कधी बंद पडंल, सांगता येत नाय. ठोकली तर फुगाबी उघडायचा नाय.”

“निघ इथून! आत्ताच्या आत्ता निघ!”

लक्ष्मीबाई सीटवरून खाली उतरल्या. त्यांना सगळं समजलं नव्हतं, पण दोघांत खरं कोण बोलतंय ते समजलं होतं. त्या अभयला ओलांडून याह्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“मग तुमीच सांगा, दादा. यातली चांगली कोणती?”

याह्याने रांगेकडे पाहिलं. धुतलेल्या, पुसलेल्या अकरा गाड्या उन्हात चमकत होत्या. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेला आणि परत आला.

“एकबी नाय, मावशी,” तो म्हणाला. “सगळ्यांची खोट मीच झाकलीय.”