पहिली ओळ

“घड्याळाकडं काय बघतोस अंब्या? कापडाकडं बघ की!”

सिद्रामशेठ ओरडला तसा अंबादासचा हात थांबला. हातमागावर भिंतीला लावायचं मोठं कापड चढवलेलं होतं. निळ्यावर पांढरी अक्षरं. आज मानवी हक्क दिन. रात्रीच्या कार्यक्रमाला पुण्याहून कोणी मोठे साहेब येणार होते, आणि शेठ त्यांना स्टेजवर मानवी हक्कांचा जाहीरनामा भेट देणार होता. निवडक नऊ ओळी. कागदावर छापलेल्या नाहीत, विणलेल्या. एकदम सोलापुरी.

“शेठ, सकाळीच बोललो होतो की. लीलाची साडेचारची गाडी हाय. नर्सिंगला निघालीय पोरगी, पार नागपूरला. चारला सोडा मला.”

“ती परत येणारच हाय की सुट्टीला. माझा कार्यक्रम परत येतोय का?”

“शेठ, अर्धा तास...”

“आज माग सोडलास तर उद्यापासनं त्यावर दुसरा बसंल. काय ते ठरव.”

शेठनं शेडचं शटर अर्धं खाली ओढलं. त्याच्यासमोरच खुर्ची टाकून बसला आणि मोबाईल काढून भाषण पाठ करायला लागला. “बंधू भगिनींनो, माणूस हा मुळातच स्वतंत्र आहे...” मधेच मान वर करून म्हणाला, “हलायचं न्हाय कुणी!”

लीला जन्मली तेव्हा अंबादास मागावर होता. दहावीत ती वर्गात दुसरी आली, शाळेत तिचा सत्कार झाला, तेव्हा पण मागावरच. आज सकाळी पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरता भरता ती बापाला एवढंच बोलली, “नायना, यायला जमणार न्हाय ना? चालतंय.” ते ‘चालतंय’ सकाळपासनं त्याच्या डोक्यात किरकिरत होतं. चिडली असती तर बरं झालं असतं.

ह्या कामात विणणाऱ्याला कापडाची उलटीच बाजू दिसते. सरळ बाजू खाली, जमिनीकडं. उभ्या दोऱ्यांच्या ताण्याखाली लावलेला कागदी नक्षा पण उलटाच. त्यामुळं चार दिवस अंबादास अक्षरं विणत होता, पण त्यातलं एक वाक्य त्यानं वाचलं नव्हतं. त्याच्यासाठी ती नुसती वळणं. हितं पांढरा, तितं निळा.

आणि कापड खालनं वर विणायचं, हे शेठचं डोकं. सगळ्यात खाली त्याचं नाव होतं ना. “आधी माझं नाव विण, मला बघायचंय. बाकीचं होतंय नंतर.” नाव चांगलं वीतभर उंच. बाकीच्या ओळींच्या दुप्पट. त्यातच अख्खा एक दिवस गेला.

“शेठ, नाव जरा बारीक काढलं असतं तर काम दुपारीच संपलं असतं की,” कोपऱ्यात बसून सुताच्या कांड्या भरणारी गुलबानो म्हणाली.

“तू गप कांड्या भर.”

गुलबानो गप बसणारी नव्हतीच. खांबाला अंबादासचा भांग पाडायचा आरसा लटकत होता. तो काढून तिनं त्याच्यासमोर धरला. “अंबादासभाई, चार दिवस विणतोस. एकदा वाच तरी काय विणलंस ते.”

अंबादासनं आरसा कापडाच्या कडेला उभा धरला. उलटी अक्षरं सरळ झाली. सातवीपर्यंत शिकला होता तो. बोट फिरवत, ओठ हलवत, नुकतीच विणलेली ओळ त्यानं वाचली.

‘कोणालाही गुलाम करून ठेवता येणार नाही.’

त्यानं शेठकडं बघितलं. शेठ भाषणातच होता. मग अंबादासनं आरसा पुढच्या नक्ष्याकडं सरकवला. विणायची एकच ओळ राहिली होती. सगळ्यात वरची. दोन-तीन तासांचं काम. ती ओळ त्यानं वाचली. परत एकदा वाचली.

चारला पाच कमी होते.

त्यानं आरसा जाग्यावर टांगला. कात्री घेतली. झालेल्या विणीच्या वरनं ताणा कापला. कर्रकर्र आवाज आला. दोऱ्यांना पटापट गाठी मारल्या, कापड गुंडाळायच्या रोळावरनं सोडवलं, घडी घातली आणि शेठच्या मांडीवर नेऊन ठेवलं.

“झालं पण? बघ, मनावर घेतलं की होतंय!” शेठ खूश. खुर्चीतनं उठला, कापड घेऊन उजेडाला गेला आणि जमिनीवर पसरलं. खालचं स्वतःचं नाव आधी डोळे भरून बघितलं. त्यावरनं हात फिरवला. मग एकेक ओळ मोजत वर वर गेला. सहा. सात. आठ.

“नववी कुठाय? अरे, पहिली ओळच न्हाय की ह्यात!”

गुलबानोनं पदर तोंडाला लावला.

“जाहीरनामा तिथनंच चालू होतोय रे! माझं भाषण पण तिथनंच हाय. ‘सर्व माणसं जन्मतःच स्वतंत्र आहेत.’ कुठं गेली ती ओळ?”

अंबादासनं एका हातानं शटर वर ढकललं.

“ती मी संगं घेऊन चाललोय शेठ. मला आता निघायला पायजे.”