बारा तासांचा दिवा

माशांच्या नव्या टाकीच्या काचेवरचं शेवाळ शालनने तिसऱ्यांदा खरवडलं, तरी दोन दिवसांत ते पुन्हा आलं. पाणवनस्पतींच्या पानांवरही हिरवे दोरे लोंबत होते. टाकीत झाडं लावून जेमतेम महिना झाला होता आणि घरगुती मत्स्यटाक्यांच्या स्पर्धेचे परीक्षक पुढच्या आठवड्यात घरी येणार होते.

"दिवा बारा तास ठेव, खत रोज घाल. झाडांनी जोर धरला की शेवाळ आपोआप जातं," कुमुदने फोनवर पुन्हा तेच सांगितलं. दोघींनी एकाच शाळेत पंचवीस वर्षं शिकवलं होतं. स्पर्धेत दोघींचीही नावं होती, पण मासे पाळण्यात कुमुद जुनी. शालनने तिचा शब्द कधी पडताळला नाही.

रविवारी ती न कळवताच कुमुदकडे गेली. तिचीही टाकी नवीच, पण पाणी नितळ होतं. दिव्याचा टायमर सहा तासांवर होता. खताच्या बाटलीवर कुमुदच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'फक्त रविवारी'.

"मला बारा तास का सांगितलंस?"

कुमुदने मान खाली घातली. "पंधरा वर्षांत मला एकही बक्षीस नाही, शालन. तुझी झाडं पहिल्याच आठवड्यात माझ्यापेक्षा छान दिसायला लागली."

शालन चहा न घेता निघाली. परीक्षकांना तिने येऊ नका म्हणून कळवलं. मग दिवा सहा तासांवर आणला, पाणी बदलत राहिली. महिन्याभराने पानं स्वच्छ झाली, मासे झाडांमधून फिरू लागले. हे कुणाला तरी दाखवावं म्हणून तिने आनंदाने फोन उचलला. बोट कुमुदच्याच नावावर गेलं.

तिने फोन खाली ठेवला.