राहिलेली तपासणी

प्लेटच्या शेवटच्या रांगेतले तीनही खळगे पिवळे व्हायला हवे होते. झाले नाहीत.

या रांगेत जिवंत पेशी नव्हत्याच. फोडलेल्या पेशींचा द्रव आणि त्यात मुळीचा अर्क, एवढंच. ॲलर्जी उसळली की पेशी जे बाहेर फेकतात, ते या द्रवात आधीच मोकळं होतं. पिवळा रंग त्यानेच येतो; इथे तो गडद यायलाच हवा. तिने प्लेट पांढऱ्या कागदावर ठेवून पाहिली. पाण्यासारखी स्वच्छ.

म्हणजे अर्क पेशींना शांत करत नव्हता. तो नुसता रंग दाबत होता. पेशी पहिल्यासारख्याच उसळत होत्या, मोजणारीला ते दिसत नव्हतं.

ही तपासणी सगळ्यात आधी करायची असते. पण आकडे इतके देखणे आले होते की तिने ती मागे ठेवली, आणि त्याच मुळ्यांची एक पुडी बहिणीला, तिच्या लेकीच्या ॲलर्जीसाठी, नेऊन दिली.

हातमोजे काढून तिने फोन लावला.

“ताई, चिमीला तो काढा देऊ नकोस. माझं चुकलंय.”

“काय चुकलंय? तीन आठवडे पोरीच्या अंगावर एक गांधी नाही. तुझ्या बशीत काय झालं ते तुझं तू बघ, शास्त्रज्ञबाई!”

“शेंगदाणा तोंडात गेला नाही म्हणून नाही उठली. आहे कुठे ती?”

“सहलीला. पहिल्यांदाच सोडली बघ. म्हटलं, आता मावशीचं औषध आहे, खा सगळ्यांच्या डब्यातलं.”

“तिचं ॲलर्जीचं इंजेक्शन दिलंस ना बरोबर?”

पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला.

“कपाटात आहे,” ताई म्हणाली. “सकाळी दोन चमचे काढा दिला होता ना गं.”

“तिच्या बाईंना फोन लाव. आत्ता.”

चार मिनिटांनी ताईचा फोन आला. “उचलत नाहीयेत. मघाशी ग्रुपवर फोटो टाकलाय त्यांनी, तुला पाठवलाय. बरी दिसतेय ना? सांग ना, बरी दिसतेय ना?”

झाडाखाली मुलींचं कोंडाळं, उघडे डबे. मधोमध चिमी, हसताना डोळे बारीक झालेले, एक गाल फुगलेला.

घास असेल.

तिने फोटो मोठा केला. अजून मोठा केला. गालाचे नुसते चौकोन झाले, तपकिरी आणि गुलाबी, आणि त्यातला कुठला गुलाबी जास्त होता, ते तिला ठरवता येईना.